पाचवं अक्षर

बातमी आली तेव्हा मी तुमसरच्या बाजारात चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. नवीन काचा घालून दुकानदार मला समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावत होता, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सुप्रियाचा, म्हणजे वंदनाताईंच्या मुलीचा. "काका, आई सकाळी गेली," एवढंच ती बोलली. मी "येतो" म्हणालो. दुकानदाराने विचारलं, आता नीट दिसते का. मी हो म्हटलं, पण त्या वेळी मला काय दिसत होतं ते आजही सांगता येणार नाही. या गोष्टीला पाच आठवडे झाले.

वंदना गणवीर आमच्या राईस मिलमध्ये अकाउंटंट होत्या. मी तिथेच खरेदीचं काम पाहायचो. मागच्या वर्षी निवृत्त झालो. चौदा वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती. मला त्या 'बांते भाऊ' म्हणत, मी त्यांना 'ताई'. वयाने त्या माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण मिलमध्ये सगळेच त्यांना ताई म्हणत. राहायला वरठीला. वडील रेल्वेत गँगमन होते, यजमान वरठीच्याच एका कारखान्यात. सकाळच्या गाडीने वरठीच्याच भंडारा रोड स्टेशनवरून निघायचं, तुमसर रोडला उतरायचं आणि तिथून ऑटोने मिलवर यायचं, हा त्यांचा रोजचा रस्ता. एकदा मीही भंडाऱ्याला मुक्काम करून सकाळी त्याच गाडीला बसलो. बाकीच्या बाया गप्पा मारत होत्या आणि या खिडकीशी बसून मोबाईलवर कसलासा व्हिडिओ थांबवत, पुन्हा लावत, वहीत उतरवून घेत होत्या. मला वाटलं, एखादी परीक्षा देत असतील. विचारलं तर म्हणाल्या, कॉम्प्युटरला आपलं काम सांगायची भाषा शिकून राहिले.

त्या भाषेचा उपयोग लवकरच झाला. मिलने हिशेबाचं नवीन सॉफ्टवेअर घेतलं आणि जुनी सगळी माणसं त्यात न्यायची ठरली. माणसं म्हणजे ज्यांच्याकडून आम्ही माल किंवा काम घेत होतो ती: ट्रकवाले, हमालांचे ठेकेदार, मशीन दुरुस्त करणारे, फाटका बारदाना, म्हणजे धानाची पोती, शिवून देणाऱ्या बाया. प्रत्येकाचं नाव, गाव, पॅन नंबर, असेल तर जीएसटीचा नंबर. ही यादी माझ्या जुन्या रजिस्टरमधून आली होती आणि ते रजिस्टर अनेक वर्षं मीच भरलेलं होतं. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, एकेक नाव हाताने टाका. वंदनाताईंनी तसं केलं नाही. त्यांनी एक छोटीशी स्क्रिप्ट लिहिली. ती यादीतली एकेक ओळ वाचायची, नंबर तपासायची आणि सॉफ्टवेअरला चालेल अशी फाईल बनवून द्यायची. माझ्या हस्ताक्षरातला शून्य आणि इंग्रजी ओ एकसारखा दिसतो, अशी तक्रार आधी दोन अकाउंटंट करून गेले होते. ताईंनी तक्रार केली नाही. पॅनच्या पहिल्या पाच जागा अक्षरांच्या, पुढच्या चार आकड्यांच्या आणि शेवटची पुन्हा अक्षराची, एवढं त्यांनी स्क्रिप्टला समजावलं आणि माझे सगळे ओ आणि शून्य आपापल्या जागी जाऊन बसले. मी खुर्ची ओढून बघत राहिलो. इतक्या वर्षांचं माझं गबाळं काम चहा निवायच्या आत सरळ झालं होतं.

तोवर त्यांचं किडनीचं दुखणं सुरू झालेलं होतं. मंगळवारी आणि शनिवारी भंडाऱ्याला डायलिसिस, बाकीचे दिवस मिल. आजाराबद्दल कोणी विचारलं की त्या दोन वाक्यांत उत्तर देत आणि विषय कामावर आणत. अशातच एका व्हिडिओत त्यांना कळलं की पॅनमधलं पाचवं अक्षर म्हणजे त्या माणसाच्या आडनावाचं पहिलं इंग्रजी अक्षर. राऊत असेल तर आर, पडोळे असेल तर पी. त्या दिवशी त्या लहान मुलीसारख्या खूश होत्या. आता नंबर चुकीच्या माणसाच्या नावावर जाणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्क्रिप्टमध्ये नवा नियम घातला: आडनाव आणि पाचवं अक्षर जुळलं नाही तर पॅनची जागा रिकामी सोडायची, नंतर बघून भरायची. यादी सॉफ्टवेअरमध्ये गेली. 'नंतर' मात्र आलं नाही, कारण दोनच दिवसांनी त्यांना ताप भरला आणि आठवडाभर त्या दवाखान्यात राहिल्या.

त्या आठवड्यात बिलं निघाली. पॅन नसलेल्याचा कर जास्त कापायचा असा नियम आहे. सॉफ्टवेअरने तो पाळला. जिथे शंभरातला एक रुपया कापायचा तिथे वीस कापले गेले. नोव्हेंबरचे शेवटचे दिवस होते, मिल धानाने भरलेली, कुणाचं लक्ष गेलं नाही. लक्ष गेलं ते चैताबाईंचं. साठीच्या, उंच, मोजकं बोलणाऱ्या. तुमसरपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका गावातून त्या नऊ-दहा बायांना घेऊन यायच्या आणि आमचा फाटका बारदाना शिवून द्यायच्या. मिलच्या मालकांनी, शेठजींनी, त्यांना सांगितलं, हे सरकार कापते, आम्ही नाही. रिटर्न भरा, परत मिळेल. चैताबाईंनी आयुष्यात रिटर्न भरलेलं नव्हतं. त्या बारदान्याच्या थप्पीवर दुपारपर्यंत बसून राहिल्या. बायांना काय सांगायचं ते ठरवत असाव्यात... मग उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी, डिसेंबरच्या पाच तारखेला, ताई कामावर आल्या. मी चैताबाईंचं सांगितलं. त्यांनी रिकाम्या राहिलेल्या जागांची यादी काढली. सव्वीस नावं होती. त्या पडद्यावर एकेक नाव वाचत खाली गेल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, ह्या तर साऱ्या बायाच आहेत." एक ट्रकवाला सोडला तर खरंच सगळ्या बायाच होत्या. पॅन कार्डावर माहेरचं आडनाव, आमच्या यादीत सासरचं. नंबर सगळे बरोबर होते. नियमच त्यांना ओळखत नव्हता.

कापलेला कर सात तारखेला सरकारात जमा होणार होता. त्याआधी दुरुस्त केलं तर बायांचे पैसे लगेच सुटत होते, नंतर वर्षभर थांबावं लागलं असतं. आम्ही दोघं शेठजींच्या केबिनमध्ये गेलो. ते म्हणाले, सॉफ्टवेअरची चूक झाली असं सांगून टाका, पुढच्या वर्षी मिळेलच त्यांना. ताई म्हणाल्या, "सॉफ्टवेअरची नाही शेठजी, चूक माही आहे. दोन दिवस द्या." मी शेजारी उभा होतो. हातात जुनं रजिस्टर होतं. चैताबाईंनी पहिल्यांदा नाव सांगितलं तेव्हा नुसतं 'चैताबाई' म्हटलं होतं. पुढे 'राऊत' मी लावलं होतं, कारण त्यांच्या नवऱ्याला मी ओळखत होतो. बाकीच्या बायांचंही बहुतेक तसंच. मी विचारलंच नव्हतं. हे तिथल्या तिथे सांगता आलं असतं. मी बोललो नाही.

दोन दिवस आम्ही तेच काम केलं. एकेकीला फोन करून कार्डावरचं नाव वाचून घ्यायचं आणि दुरुस्त करायचं. बऱ्याच जणींना फोनवर विश्वास बसत नव्हता. हल्ली फोनवर पॅन मागणारे चोरच जास्त. चैताबाईंनी तर फोन कापून टाकला. मग सहा तारखेला दुपारी मी ताईंना स्कूटरवर मागे बसवून त्यांच्या गावाला नेलं. तलावाच्या पारीखाली, म्हणजे बांधाखाली, चार-सहा घरं, त्यातलं शेवटचं त्यांचं. अंगणात धानाचा पेंढा पसरलेला. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, बसायला खाट दिली, पण कार्ड दाखवायला तयार होईनात.

"कागद मांगून मांगून तुमी लोक थकत नाही," त्या म्हणाल्या. "कागद देल्ला तरी पैसे कापलेच न? आता त्याच्यावर काय लिवलं हाये ते पाहून अजून कापान."

ताईंनी पर्स उघडून स्वतःचं पॅन कार्ड काढलं आणि चैताबाईंच्या हातात दिलं. "मावशी, हे माहं. याच्यावर वंदना वासनिक लिहिलं आहे. माह्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण इथं अजून बापाचंच नाव आहे. मी जो नियम बनवला न, त्यात मीच बसत नाही. हे कार्ड रोज पर्समध्ये घेऊन फिरते अन मलेच सुचलं नाही."

चैताबाईंनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं. अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. त्या फोटो बघत होत्या. मग ताईंच्या चेहऱ्याकडे, त्यांच्या सुजलेल्या हाताकडे पाहिलं. "तवा अंगानं बरी होती तू," एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड घेऊन आल्या. त्यावर आडनाव होतं भोयर.

सात तारीख नेमकी शनिवारी आली होती. सकाळी ताई भंडाऱ्याला मशीनवर होत्या, डाव्या हाताला सुया आणि उजव्या हातात मोबाईल. राहिलेल्या चार जणींना त्यांनी तिथूनच फोन केले आणि नावं मला पाठवली. मी ती यादीत भरली, पाचव्या अक्षराचा नियम त्यांनी सांगितला तसा काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती स्क्रिप्ट स्वतः चालवली. दुपारपर्यंत सगळं दुरुस्त झालं. शेठजी थोडे कुरकुरले, पण पैसे त्यांनी त्याच आठवड्यात मोकळे केले. पुढे चैताबाई बारदाना घेऊन आल्या तेव्हा ऑफिसच्या दारात थांबल्या आणि माझं नाव कुठं हाये ते दाखव म्हणाल्या. ताईंनी पडदा त्यांच्याकडे वळवून त्या ओळीवर बोट ठेवलं. चैताबाई म्हणाल्या, "बाप जाऊन तीस वर्षं झाले. इतक्या वर्षांत त्याचं नाव कोणी घेतलं नाही." मग आपल्या कामाला लागल्या.

ताईंना मी शेवटचं भेटलो ते भंडाऱ्याच्या दवाखान्यात. चेहरा उतरलेला होता, आवाज मात्र तोच. मिलच्या, पावसाच्या, सुप्रियाच्या नोकरीच्या गोष्टी झाल्या. निघताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, ताई, त्या साऱ्या बायांची आडनावं मीच लावली होती. न विचारता. त्या दिवशी शेठजींसमोर बोलायला पाहिजे होतं...

"मले मालूम आहे न भाऊ," त्या म्हणाल्या. "रजिस्टर तुमच्याच अक्षरात आहे."

"मग तुमी काहून बोलल्या नाही?"

"तुमी न विचारता लिहिलं. मी न विचारता रिकामं सोडलं. मंग कोणाकोणाचं सांगत बसायचं?" आणि हसून त्यांनी मला गाडीच्या वेळेची आठवण करून दिली. त्यानंतर अकरा दिवसांनी सुप्रियाचा फोन आला.

मागच्या सोमवारी मिलमधून बोलावणं आलं. ताईंच्या जागी आलेले अकाउंटंट चाळिशीतले, सज्जन गृहस्थ आहेत. यंदाची नवीन नावं सॉफ्टवेअरमध्ये टाकताना ते अडले होते. त्यांनी ताईंची स्क्रिप्ट उघडून दाखवली. कामाच्या ओळींच्या मधे मधे दुसऱ्या ओळी होत्या, मराठीत. अशा ओळी कॉम्प्युटर वाचत नाही, त्या पुढच्या माणसासाठी लिहून ठेवायच्या असतात, असं त्या गृहस्थांनी मला समजावलं. मी नव्या चष्म्यातून वाचत गेलो. 'नाव जुळलं नाही तर जागा रिकामी सोडू नये, फोन करावा.' 'आधी आपण कोण ते सांगावं, मग नंबर मागावा.' खाली एकेका बाईचं नाव आणि तिच्यापुढे एकेक टिपण. कोणाचा फोन नवऱ्याजवळ असतो, कोणाला कमी ऐकू येतं. चैताबाईंच्या नावापुढे लिहिलं होतं, 'कार्डावर भोयर. बरोबर आहे. सकाळी शेतात असते, फोन दोननंतर उचलते.'

त्या गृहस्थांचा प्रश्न चैताबाईंचाच होता. बारदान्याच्या कामात त्यांनी यंदा आणखी एक बाई जोडून दिली होती आणि तिचं कार्डावरचं नाव विचारायचं राहिलं होतं. त्या गृहस्थांनी चैताबाईंना लावायला फोन हातात घेतला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोनला दहा मिनिटं कमी होती. मी त्यांना म्हटलं, जरा थांबा... आणि आम्ही दोघं, ताईंच्या त्या ओळी समोर उघड्या ठेवून, दोन वाजायची वाट पाहत बसलो.