न सांगण्याची नोकरी

लग्नात मी यांचं नाव घेतलं तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की रत्नाकर ढोमणे हे जबलपूरच्या संरक्षण कारखान्यात नोकरीला आहेत. पुढे संसार झाला, अंजनी झाली, मदन महल स्टेशनजवळ दोन खोल्यांचं घर झालं, आणि माझी माहिती होती तिथेच राहिली. मी अमरावतीची, तोंडाळ. शेजारणीच्या सुनेचं माहेर काय खातं ते मला ठाऊक असतं. आणि नवरा दिवसभर काय करतो ते ठाऊक नाही!

सुरुवातीला एकदा विचारलं होतं. "मशीनवर असतो," म्हणाले. कोणत्या? "मोठ्या." संपलं.

फॅक्टरीच्या गेटवर सुटताना झडती होते, तिची यांना इतकी सवय झाली आहे की घरी आल्यावरही दारात उभे राहून आधी दोन्ही खिसे बाहेर काढतात. एकदा सिनेमाच्या दारात तिकीट फाडणाऱ्यापुढे हात पसरून उभे राहिले होते, मी लाजेनं अर्धी झाले. सोबतचा एखादा कामगार घरी आला तर दोघं वांग्याच्या भावावर बोलतात. फक्त सव्वीस जानेवारीला टीव्हीवर परेड बघताना एका जागी, एकाच, यांचा चहाचा कप ओठांपाशी थांबतो. समोरची वस्तू पुढे सरकली की हे घोट घेतात. अंजनी आणि मी एकमेकींकडे बघतो. बोलत कोणी नाही.

अंजनी अकरावीत होती तेव्हाची गोष्ट. तिच्या फिजिक्सच्या मॅडमनी वर्गात सांगितलं, की दक्षिणेतलं एक विद्यापीठ उन्हाळ्यात शाळेच्या मुलांना महिनाभर बोलावतं. प्रयोगशाळेत काम करायला मिळतं, प्रोफेसर शिकवतात, आणि राहणं-जेवण, गाडीभाडं सगळं फुकट. देशभरातून मोजकीच मुलं घेतात. पोरगी घरी आली ती चप्पल न काढताच बोलत सुटली. तिनं तोवर फिजिक्सचे प्रयोग जास्त करून पुस्तकातल्या चित्रांतच पाहिले होते. मला तर वाटलं, हिला नाही घेतलं तर मीच जाऊन भांडेन.

मार्कांची अडचण नव्हती. अडचण निबंधाची होती. विषय दिला होता: घरातल्या एका माणसाच्या कामाबद्दल लिहा, आणि त्यातून तुम्ही काय शिकलात ते सांगा.

"माझ्यावर लिही," मी म्हटलं. "दिवसभर मरून राहिली मी या घरात."

"आई, तुझं तर तूच सगळं सांगते. मी काय लिहू?"

बरोबरच होतं, म्हणून जास्त झोंबलं.

तिला बाबांवरच लिहायचं होतं. हे संध्याकाळी आले, खिसे काढून दाखवले, बसले. तिनं पाणी दिलं आणि मग हळूच म्हणाली, "बाबा, थोडंसं सांगा ना. बस, एक पार्ट कसा बनतो तेवढं."

"नाही, बेटा."

"ॲडमिशनचा सवाल आहे, बाबा!"

"समजलं मला. तरी नाही."

पोरीचे डोळे भरले. मला इतका राग आला की पोळी तव्यावर करपली. तेवढ्यात शेजारचा विष्णूभैया आला. कॉलेजात शिकणारा, सगळ्या गोष्टींवर तोडगा असलेला. "अरे, लिख दो कुछ भी! तोप बनाते हैं, बम बनाते हैं. वहाँ कौन देखने बैठा है?"

हे कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. अंजनीकडे बघून म्हणाले, "खोटं लिहू नको. अन् खरं मी सांगणार नाही. त्याच्यात काय बसते ते पाहा."

"त्याच्यात काय बसणार आहे?" मी ओरडले. "पोरीचं नशीब अडलं आहे अन् तुम्ही काहून असे दगडासारखे बसून राहिले?" त्या दिवशी यांच्या ताटात मी तीच करपलेली पोळी वाढली. खाल्ली मुकाट्यानं.

अंजनी दोन-तीन दिवस कोणाशी धड बोलली नाही. मग निबंध घेऊन आली, कारण अर्जावर वडिलांची सही हवी होती आणि सगळं वाचल्याशिवाय हे सही करत नाहीत. इंग्रजी यांना जेमतेम, म्हणून तीच आपल्या अर्ध्या हिंदी, अर्ध्या मराठीत अर्थ सांगत गेली. पहिलंच वाक्य होतं, 'माझे वडील काय काम करतात ते मला माहीत नाही.'

झालं, म्हटलं, आता कोण घेतं हिला! पण पुढे सगळं होतं. दारातले रिकामे खिसे होते. सिनेमाचं दार होतं, वांग्याचा भाव होता. एका थंडीत बोटाला पट्टी बांधून आले आणि 'लागलं' एवढंच म्हणाले, ते होतं. शेवटी तिनं लिहिलं होतं, 'जगात कोणी वाहवा करणार नाही हे माहीत असूनही काम चोख करता येतं, हे मी बाबांकडून शिकले. मला तसं काम करायचं आहे.'

हे ऐकत होते, जमिनीकडे बघत. परेडचं मात्र त्यात काहीच नव्हतं. सगळ्यात सुंदर तेच, आणि पोरगी विसरली कशी? पण यांनी तेवढ्यात पेन मागितलं, म्हणून मी गप्प बसले.

एप्रिलमध्ये निवड झाल्याचं पत्र आलं. आयुष्यात कोणाला काही न सांगणाऱ्या या माणसानं खोव्याची जलेबी घेऊन फॅक्टरीच्या गेटवर दरवानापासून फोरमनपर्यंत प्रत्येकाला थांबवून सांगितलं, की माझी मुलगी विद्यापीठात चालली आहे. मला हे दुसऱ्या बायकांकडून कळलं. अभिमानानं माझे पाय जमिनीवर ठरेनात.

ती निघाली त्या दिवशी आम्ही दोघं तिला गाडीत बसवायला गेलो. मदन महलला गाडी थोडाच वेळ थांबते. हे बर्थखाली तिची पेटी सरकवत होते. मला राहवलं नाही. "अंजू, परेडचं काहून नाही लिहिलं गं? किती छान झालं असतं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, कसं लिहिणार? ते लिहिलं असतं तर बाबा काय बनवतात ते समजलं असतं ना."

पेटीवरचे यांचे हात थांबले. वाकलेला माणूस सरळ झाला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली उतरले. गाडी पार दिसेनाशी होईपर्यंत आम्ही उभे होतो.

"सिलेक्शन तर आत्ता झालं तिचं," हे म्हणाले.

परेडमध्ये यांचा कप कुठे थांबतो, ते मला पक्कं ठाऊक आहे. पण ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि मी कितीही तोंडाळ असले तरी तुम्हालाही सांगणार नाही.