पंगतीसाठी घेतलेला ट्रायपॉड

मी पौडला लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचो. बावधनच्या एका गिऱ्हाइकाच्या थोरल्या मुलीचं लग्न मीच शूट केलं होतं, पण धाकटीचं काम त्याने पुण्याच्या माणसाला दिलं. म्हणे, तुमचं चित्र हिसके खातं. तो राग घेऊनच मी ट्रायपॉड घ्यायला पुण्यात गेलो.

दुकानदाराने फोटोचा हलका ट्रायपॉड पुढे केला. "गावच्या लग्नांना हा चालतो."

"शेठ, गावच्या लग्नात पंगत असती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कॅमेरा एका दमात फिरला पायजे. एक पाव्हणा नीट दिसला न्हाई तर वर्षभर रुसवा."

माझा कॅमेरा त्यावर चढवून मी हळू फिरवला. तो अडकत, धक्के देत फिरला. मग कोपऱ्यातला तेलाच्या हेडचा, म्हणजे कॅमेऱ्याखालचं डोकं आतल्या तेलावर फिरणारा, जड ट्रायपॉड मी स्वतःच ओढून काढला. त्यावर कॅमेरा अलगद सरकला.

"तो सिनेमावाल्यांचा. तुम्हाला कशाला?"

"ते मी ठरवणार. तुमी फक्त भाव सांगा, आन् खरा सांगा."

भांडून तोच घेतला.

पुढे पुतण्याच्या लग्नासाठी बावधनकर स्वतः आला. मी त्याला नव्या ट्रायपॉडवर शूट केलेली एक अख्खी पंगत दाखवली, चहा पाजला आणि ती तारीख रिकामी असूनही नाही म्हणालो.