मामेसासऱ्यांची तब्येत

स्वतःच्या तब्येतीविषयी इतक्या रसाळपणे बोलणारा माणूस आमच्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि होईल असं वाटतही नाही. खामगावला राहणारे माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा. "कसं काय मामा?" असं लोक रामराम म्हटल्यासारखं म्हणत, उत्तराची अपेक्षा कोणालाच नसे. मामांना मात्र तो प्रश्न खराच वाटे. ते हातातली पिशवी खाली ठेवत, विचारणाऱ्याचा दंड धरत आणि घशापासून सुरुवात करत. पोटापर्यंत येईस्तोवर त्या बिचाऱ्याची शेगावची बस निघून गेलेली असे. बाजारात मामा दिसले की ओळखीची माणसं समोरच्या दुकानात शिरून नको त्या वस्तूंचे भाव विचारत. मी पडलो जावई. मला ती सोय नव्हती.

मामांची हयात जिनिंगच्या कारखान्यात कापूस पारखण्यात गेली होती. चिमटीत कापूस धरून त्याची जात सांगायची सवय त्यांनी दुखण्यालाही लावली. नुसतं 'दुखतं' म्हणणं त्यांना अडाणीपणाचं वाटे. "जवाई, काल होती ते कळ. आज हाय ते ठणक. कळ येते आन् जाते, ठणक मुक्कामी राह्यते." यावर मामी स्वयंपाकघरातून ओरडत, "त्याईले चहा तरी पिऊ द्या!"

पुढे मामांना साखरेचा त्रास झाला आणि त्यामुळे तळपायांची आग सुरू झाली. त्यांच्या डॉक्टरीणबाई तेव्हा दोन औषधांपैकी कोणतं खरं गुणाचं, हे पडताळून पाहत होत्या. रक्तातली साखर यंत्र सांगतं. पण आग किती कमी झाली ते ज्याचे पाय त्यालाच विचारावं लागतं. म्हणून दवाखान्यातली एक मुलगी दर आठवड्याला सगळ्या रोग्यांना फोन करून विचारणार होती. हे ऐकून मामांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं, की निम्मा आजार तिथेच बरा झाला असावा. फोनच्या दिवशी ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसत. पहिल्या फोनला मी समोरच होतो; मामा फोन स्पीकरवर लावत.

"काका, शून्य म्हणजे जळजळ अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमची किती?"

"कोनत्या पायाची?"

"दोन्ही मिळून सांगा ना."

"दोघायचं पटत नाही, बेटा. अलग अलग लिही."

औषध लागू पडलं. आग थांबली, मामा अनवाणी अंगणात हिंडू लागले. पण एका सकाळी मी मुक्कामाला असताना ते बाजेवरून उठले आणि भिंत धरून उभेच राहिले. "जमीन पाळण्यावानी हालून राह्यली," म्हणाले. काही दिवसांपासून रोजच तसं होत होतं. फोनवर सांगतो म्हणाले, तर मामी आडव्या आल्या. "एवढी गुणाची डॉक्टरीण, तुमची आग गेली ना? मंग तिचं नाव काऊन खराब करता?"

डॉक्टरीणबाईंवर मामांचा फार जीव होता. "जवाई, चूप बसू का?" त्यांनी मला विचारलं. मामा चूप बसायची परवानगी मागताहेत, हे ऐकूनच मी गांगरून गेलो. तेवढ्यात फोन वाजला. आग शून्य, असं त्यांनी आनंदानं सांगितलं, मग घसा खाकरून म्हणाले, "पन बेटा, सकाळी गरगरते. हे कुठं लिहशील?"

"काका, तसा प्रश्नच नाही यात."

"मंग नवा घे."

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा स्वतःचा फोन आला. त्यांनी सगळ्याच रोग्यांना पुन्हा विचारलं, तेव्हा 'बरं आहे, बरं आहे' म्हणणारे बरेच जण सकाळी भिंती धरून चालत असल्याचं कळलं. नांदुऱ्याकडची एक म्हातारी तर न्हाणीत पडली होती. बाईंना वाईट वाटेल म्हणून बोलली नव्हती. औषधाचं प्रमाण कमी झालं, चक्कर थांबली, आणि गरगरण्याचा प्रश्न कायमचा त्यांच्या यादीत गेला. ही बातमी मामींनी गल्लीत घरोघरी जाऊन सांगितली.

मामांना जाऊन आता वर्ष होईल. मला आठवतो तो त्या मुलीचा शेवटचा फोन; तेव्हाही मी समोरच होतो. "काका, आपलं काम झालं. आता फोन येणार नाही," ती म्हणाली. मामा म्हणाले, "बेटा, तुही तब्येत कशी हाय?"

"मजेत आहे, काका."

"खरं सांग."

ती हसली; आणि मग हळूहळू सांगू लागली. दिवसभर फोनवर बोलून मान धरते, कान भणभणतात, घरी गेल्यावर कोणाशी बोलावंसं वाटत नाही. मामांनी एकदाही तिला अडवलं नाही, की तिच्या दुखण्याला नाव दिलं नाही. "हाव... हाव बेटा," एवढंच म्हणत ते ऐकत राहिले. यांचा आवाज कसा नाही, म्हणून मामी हात पुसत बाहेर येऊन पाहून गेल्या.

फोन संपल्यावर तो हातात तसाच धरून मामा बराच वेळ अंगणाकडे बघत बसले.

"जवाई," ते म्हणाले, "पोरगी कोन्या गावची, हे इचारायचंच राह्यलं."