सुपारी उचलणारा हात

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मणराव दिघीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये कालचा पेपर वाचत बसले होते. विजयश्रीबाई पोह्यांना फोडणी देत होत्या. इतक्यात दार धडाधड वाजलं.

"दत्तोबा आले," विजयश्रीबाई आतूनच म्हणाल्या. बेल सोडून दार बडवणारा दुसरा कुणी त्यांच्या ओळखीत नव्हता.

दत्तोबा चऱ्होलीचे. शेतात इमारती उठल्या, तसा त्यांना जुनी खेळणी जमवायचा नाद लागला. मोटरवर चालणारे प्लास्टिकचे जुने ठोकळे त्यांचे आणि ते चालवणारा कॉम्प्युटर लक्ष्मणरावांचा. लक्ष्मणराव आयटीआय करून जालन्याहून आले, आधी भोसरीत, मग चाकणला एका कंपनीत मेंटेनन्स सांभाळून निवृत्त झाले. पुढे एका शाळेच्या भंगारात त्यांना हा कॉम्प्युटर सापडला. जुना, टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्राम घेणारा. त्या दिवसापासून त्यांची दुपारची झोप गेली.

"आटपा राव, जोडून टाकू," म्हणत दत्तोबांनी जेवणाचं टेबल काबीज केलं. ठोकळे एकमेकांत बसवून दोघांनी सुपारी उचलणारा यांत्रिक हात केला होता. तो काल पूजेसाठी सुटा करून पाटावर मांडला होता. तो पुन्हा उभा राहिला. कॅसेट किरकिरली, टीव्हीवर अक्षरं उमटली, हात वळला.

वळला तो थांबेचना. वाटीतल्या सुपारीपाशी थांबून ती उचलायची, तर सुपारी ओलांडून तो गरागरा फिरत सुटला. वायरी पिळल्या आणि दत्तोबांचा चहा टेबलभर झाला.

"बंद करा! बंद करा!" दत्तोबा ओरडले.

लक्ष्मणरावांनी बटण दाबलं. कॅसेट पुन्हा लावली, वायरी हलवून पाहिल्या. पुन्हा तेच. त्यांचा चेहरा उतरला.

"हात किती फिरला ते कॉम्प्युटरला कळत नाही. आतली चिप गेली असणार."

"दुसरी घालू की."

"मिळते कुठं आता? मागं शोधून दमलो. ही गेली म्हणजे संपलंच सगळं, दत्तोबा."

"आमचे ठोकळे तरी मग काय, नुसते कपाटात ठेवायचे," दत्तोबा पुटपुटले. लक्ष्मणराव खुर्चीत मागे टेकले. कंपनीत बिघडलेलं एकही मशीन त्यांनी असं सोडून दिलं नव्हतं.

विजयश्रीबाई फडकं घेऊन आल्या. "सरका जरा. चहा मोटरीत जाईल." पुसता पुसता त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"अहो, हात फिरतो त्याखाली ही काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची चकती आहे, तिच्यापुढचा हा ठोकळा कशासाठी?"

"तो पट्ट्या मोजतो. म्हणजे, त्यातला दिवा आणि डोळा मोजतात. त्यावरनं कॉम्प्युटरला कळतं."

"मग डोळ्यावर कुंकू का लावलंय?"

लक्ष्मणराव उठलेच. चष्मा कपाळावरून नाकावर आला. काल कंपनीतल्या रिवाजानं त्यांनी पान्यापासून कॉम्प्युटरपर्यंत एकही वस्तू न चुकवता ओलं कुंकू लावलं होतं. या ठोकळ्यालाही बरोबर मधोमध, दर्शनी बाजूला. ते वाळून डोळ्यावर घट्ट बसलं होतं.

"व्हय की!" दत्तोबा टेबलावर थाप मारून हसले. "पूजा करून गड्याला आंधळा केला तुमी! वैनी, या माणसाला कंपनीनं इतकी वर्सं ठेवलं कसं?"

"आणि तो ठोकळा तुम्ही न बघताच बसवलात, ते?" विजयश्रीबाईंनी त्यांनाही सोडलं नाही.

लक्ष्मणरावांनी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून डोळा हलक्या हातानं पुसला. कापूस लाल झाला. प्रोग्राम चालू केला. हात वळला, वाटीपाशी आला आणि थांबला. चिमटा खाली गेला, त्यानं सुपारी उचलून शेजारच्या ताटलीत टाकली. टक्‌.

"जिवंत आहे गं," लक्ष्मणराव म्हणाले. मग इतकं हसले, की डोळे पुसावे लागले.

"झालं ना? पोहे गार होतायत," म्हणत विजयश्रीबाई फडकं पिळायला निघाल्या. इतक्या दिवसांत त्या पदार्थ आणून ठेवायच्या आणि वळायच्या, हा खेळ चालू असताना या टेबलाशी कधी बसल्या नव्हत्या.

लक्ष्मणरावांनी शेजारची खुर्ची ओढली.

"पोहे राहू देत. तू पाच मिनिटं इथं बस, आणि त्याला एकदा सुपारी उचलताना बघ."