चास्काचा पहिला घोट

चास्काला मारलं तेव्हा तिच्या मागच्या पायांची दोरी माझ्या हातात होती. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकताना वाटायचं, तोमासा स्वतःला वाचवून बोलतेय.

चास्का म्हणजे माझ्या नणंदेची, बासिलियाची डुकरीण. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका, वय नऊ वर्षं. एवढी म्हातारी डुकरीण आमच्या पुनाता गावाच्या आसपास कुणी ठेवत नाही. पिल्लं देणं थांबूनही दोन वर्षं झाली होती. पण वन्संचं घरच तसं. दोन बैल, डझनभर मेंढ्या, कोंबड्या, चुलीखाली पळणारे गिनीपिग, आणि सगळ्यांना नावं. मागच्या पडवीत सहा रांजण गळ्यापर्यंत पुरलेले. त्यांत मक्याची दारू, चिचा. मका भिजवायचा, मोड आणायचे, वाळवून दळायचा, तांब्याच्या कढईत दिवसभर उकळायचा, हे काम इथं घरोघर चालतं. पण वन्संच्या दारातल्या काठीला चिचा तयार झाल्याचं पांढरं फडकं लागलं की दोन डोंगरांपलीकडची माणसं चालत यायची.

रांजण उघडला की पहिला शिंतोडा धरणीमातेला, तो आम्ही सगळेच देतो. वन्सं त्यानंतरची वाटी चास्कापुढे धरायच्या. ती प्यायल्यावरच माणसांना.

माझा नवरा सेनोन हसायचा. "ताई, दाजी असते तर त्यांना तरी आधी दिली असतीस का गं?"

"त्यांना कशाला? ते काहीही प्यायचे," वन्सं म्हणायच्या.

आम्ही पोट धरून हसायचो.

आमच्या मुलाचं, रुफिनोचं लग्न शनिवारी होतं. चार रांजण लग्नासाठी लावलेले. मंगळवारी वन्सं बाजाराला गेल्या आणि सेनोन म्हणाला, "ताईच्या हातून ती म्हातारी कधी कापली जायची नाही. लग्नाच्या जेवणासाठी आपणच उरकून टाकू. तिच्या बदली दोन पिल्लं देऊ. खूश होईल." मलाही ते पटलं. शेवटच्या क्षणी चास्कानं मान वळवून माझ्याकडं बघितलं, ती मला ओळखत होती. मी दोरी सोडली नाही.

दुपारी वन्सं परतल्या तेव्हा त्यांच्याच अंगणात कढई चढलेली होती आणि चरबी तडतडत होती. वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. त्या मात्र सरळ कढईपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि सहज म्हणाल्या, "कुणाचं डुक्कर?"

सेनोन झाऱ्यानं कढई ढवळत राहिला. त्यांनी रिकाम्या खुराड्याकडं बघितलं, मग भिंतीवर टाकलेल्या कातड्याकडं. पाठीवरचं गाठोडं घसरलं, त्यातले कांदे अंगणभर गेले. त्या ओरडतील, सेनोनला मारतील, असं मला वाटलं. त्या खाली बसल्या. तोंडाचा रंग राखेसारखा झाला होता.

"ताई, दोन पिल्लं आणलीत तुला. गोजिरवाणी आहेत बघ—"

"सेनोन," त्या म्हणाल्या, "आता रांजण कोण चाखणार?"

"म्हणजे? तूच."

"मला चव कळत नाही."

सेनोनला वाटलं, दुःखानं बरळतेय. "असं काय बोलतेस, ताई!"

"वास नाही, चव नाही. सतरा वर्षांची असताना खेचरानं डोक्यात लाथ मारली होती ना? आठ दिवस पडून होते. उठले, आईनं सूप दिलं, ते नुसतं गरम पाणी. आई म्हणाली, तोंड मिटून राहा, चिचा करणाऱ्या घरात तुझं लग्न ठरलंय. तेव्हापासून मिटलेलंच आहे. एकेचाळीस वर्षं."

"मग चिचा?"

"उकळी कानानं कळते. फेस डोळ्यांना दिसतो. पण रांजण साधला की बिघडला, ते मला कळत नाही. चास्काच्या पणजीनं एकदा वाटीला तोंड लावलं नाही. त्याच दिवशी गिऱ्हाइकांनी तो रांजण थुंकून टाकला. तेव्हा मला कळलं की हिला विचारायचं. मग तिच्या लेकीला, नातीला. ही शेवटची होती."

सेनोनच्या हातातला झारा कढईत पडला. उकळती चरबी मनगटावर उडाली, तरी तो जागचा हलला नाही. माझ्या डोळ्यांपुढे भलतंच आलं. वन्संकडं एकदा आम्ही नासलेलं सूप लाजेखातर गिळलं होतं. वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नव्हतं, आणि त्या समोर बसून तेच शांतपणे पीत होत्या.

"मी चाखतो," सेनोन कसाबसा म्हणाला.

"तू तिसऱ्या वाटीला गायला लागतोस." वन्सं उठल्या. "तोमासा, माझ्याबरोबर चल. कासिल्दाकडं जायचंय."

मला दुसरा धक्का हाच. कासिल्दा खालच्या आळीत चिचा करायची. बासिलिया दारूत कारखान्याची साखर घालते, असं तिनं कधीकाळी भर बाजारात म्हटलेलं. तेव्हापासून सव्वीस वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं.

कासिल्दा मका पसरत होती. वन्संना बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वाट चुकलीस का गं, महाराणी?"

वन्संनी तिथंच, उन्हात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कासिल्दा आधी हसली. मग माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली आणि तिचं हसू विरलं. ती शाल घेऊन आमच्याबरोबर निघाली.

पडवीत तिनं चारही रांजण चाखले. पहिल्या दोन्हींना मान डोलावली. तिसऱ्याला म्हणाली, "शनिवारपर्यंत होईल." चौथा घोट तिनं थुंकला. "हा ओतून टाक. लग्नात वाढला असतास तर नवरीकडच्यांनी तुझ्या डोक्यावर ओतला असता."

मग ती वन्संकडं वळली.

"सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या नावानं तुझी वाटी मागवतेय," ती म्हणाली. "जिभेवर घोळवायचे आणि रडायचे. बाई काय घालते, काय घालते! आणि तू डुकरिणीला विचारत होतीस?"

"हो."

"देवा रे!" कासिल्दा मटकन खाली बसली. "मी हरले तेही डुकरिणीकडून!"

लग्न पार पडलं. ते मटण वन्संनी तोंडाला लावलं नाही, मीही नाही. बातमी फुटलीच. वन्संच्या दारात माणसं येईनात, काही जण येऊन डुकरासारखं गुरगुरून जायचे. ते कासिल्दानंच बंद केलं. दर गुरुवारी ती सगळ्यांसमोर वन्संच्या पडवीत येऊन बसायची, वाटी तोंडाला लावायची आणि म्हणायची, "ज्याला ही आवडत नाही त्यानं माझ्याही दारात येऊ नये." हळूहळू गर्दी पहिल्यासारखी झाली.

सेनोनला वन्संनी माफ केलं. मला केलं की नाही, ते कधी बोलल्या नाहीत. पण एकदा मी मिरच्या भाजत होते, त्या शेजारी बसल्या होत्या.

"तोमासा, सांग ना," त्या म्हणाल्या, "याचा वास कसा असतो? मी विसरलेय."

मी सांगायला लागले आणि मला शब्दच सापडेनात. घशात टोचतं म्हटलं, डोळ्यांत पाणी येतं म्हटलं. त्या लहान मुलीसारख्या माझ्या तोंडाकडं बघत ऐकत होत्या.