तीन माना आणि एक कॅमेरा

फोटो काढणाऱ्यांच्या सोबत राहिलं की फोटोंपेक्षा गोष्टीच जास्त गोळा होतात. फोटो वाईट आला तर पुसता तरी येतो. गोष्टीचं उलट असतं, जितकी वाईट तितकी ती जास्त दिवस टिकते. माझ्याकडे वर्षभराच्या साठल्या आहेत. मी बोलते कमी, म्हणून लिहून ठेवते आहे.

आमचा ग्रुप चौघांचा. देशकर सर भूगोल शिकवून निवृत्त झाले. ठवरे काका दातांचे डॉक्टर आहेत. मंगला मावशी मनीषनगरात आमच्या शेजारी राहते, बँकेतून निवृत्त झाली आहे. चौथी मी, नववीतली. माझ्याकडे कॅमेरा नाही. मावशीचा जुना डीएसएलआर अर्धा वेळ तिच्या गळ्यात असतो आणि अर्धा वेळ माझ्या, कारण तिची मान दुखते. दर रविवारी पहाटे आम्ही कुठल्यातरी तलावावर किंवा माळावर जातो आणि सूर्य उगवण्याची वाट बघतो. पुढचं सगळं त्यातूनच घडतं.

*

ठवरे काकांकडे पाच लेन्स आहेत. सूर्य वर येण्याच्या पाच मिनिटं आधी त्यांना हमखास वाटतं की आपण चुकीची लेन्स लावली आहे. मग ते बॅग उघडतात, दवाखान्यातले हातमोजे घालतात, छोट्या पंपानं धूळ उडवतात आणि दात बसवावा तितक्या हळू नवी लेन्स बसवतात. मान वर करेपर्यंत सूर्य झाडांच्या वर आलेला असतो.

एकदा ते खरोखर चिडले. म्हणाले, "या सूर्याले काहून एवढी घाई रायते?"

सर आपल्या कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले, "त्याले पुढच्या गावची अपॉइंटमेंट असते, डॉक्टर."

*

माझ्या कॅमेऱ्याचा विषय निघाला तो असा. बाबांचं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे. मी कॅमेरा मागितला तर ते नाही म्हणाले नाहीत. फक्त अट घातली, "तुझ्या ग्रुपमधले तिघं मोठे आहेत ना? तिघांच्या माना एकाच कॅमेऱ्यावर हलल्या, की घेऊन टाकू."

हा त्यांच्या दुकानाचा नियम आहे. लग्नाचा बस्ता बांधायला घरची मंडळी आली की सगळ्या मोठ्यांच्या माना हलल्याशिवाय ते कात्री हातात घेत नाहीत. एक मान राहिली तरी माल परत येतो, असं ते म्हणतात.

मला वाटलं, तीनच तर माना आहेत.

*

पुढच्याच रविवारी मी मावशीला सांगितलं आणि मावशीनं दोघांना विचारलं. ठवरे काका म्हणाले, आता डीएसएलआर कोण घेतं, मिररलेस घ्यायचा, हलका असतो. सरांना ते मुळीच पटलं नाही. ज्याच्या आत आरसा नाही त्याला कॅमेरा म्हणायचं कसं, असं त्यांचं म्हणणं.

"सर, आरसा दाढ पाहायले लागते," काका म्हणाले. "सूर्य पाहायले नाही लागत."

त्यानंतर दोन रविवार ते एकमेकांशी फक्त हवामानाबद्दल बोलले.

*

मावशीचं मत तिसरंच निघालं. कॅमेरा डोळ्यानं नाही, मानेनं निवडायचा. दुकानात पाच मिनिटं हातात धरून काही कळत नाही. तो तीन तास गळ्यात राहणार असतो. म्हणून तिनं कापडी पिशवीत एक किलो तूरडाळ भरली, पिशवी माझ्या गळ्यात अडकवली आणि मला रामटेकच्या पायऱ्या चढायला लावल्या. मान दुखली तर हलका घ्यायचा, नाही दुखली तर कुठलाही.

अर्ध्यावर एक म्हाताऱ्या बाई उतरत होत्या. त्या थांबल्या, पिशवीकडे बघितलं आणि एवढ्या लहान पोरीनं कसला नवस केला म्हणून विचारलं. मी मावशीकडे बघितलं.

मावशी म्हणाली, "कॅमेऱ्याचा."

बाईंनी पिशवीला हात लावून नमस्कार केला आणि पुढे गेल्या. मान दुखली की नाही ते मला आठवत नाही. लाज एवढी वाटत होती की बाकी काही कळलंच नाही.

*

माना हलेनात, तेव्हा बाबा म्हणाले, आपण निदान बघून तर येऊ. आम्ही सीताबर्डीवरच्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या दादानं एक कॅमेरा दाखवला. बाबा म्हणाले, अजून दाखवा. दुसरा आला. अजून दाखवा. बाबा प्रत्येकाला चहूबाजूंनी बघत, पट्टा ओढून शिवण तपासत आणि बाजूला ठेवत. अकरा कॅमेरे काउंटरवर पसरले, तेव्हा त्या दादानं दमून विचारलं की नक्की बघायचं काय आहे.

बाबा उठले, चप्पल घातली आणि अगदी मनापासून म्हणाले, "काही नाही भाऊ. रोज मी दाखवतो, आज कोणी मले दाखवलं. बरं वाटलं."

*

आता दगडाची गोष्ट. सरांचं म्हणणं असं, की लँडस्केपमध्ये अगदी पुढे काहीतरी हवं. नुसतं लांबचं दाखवलं तर डोळ्याला आत शिरायला दारच राहत नाही. पण आमच्याकडच्या तलावांचे काठ सपाट, पुढे नुसता चिखल. म्हणून सरांच्या स्कूटरच्या डिकीत एक दगड असतो. काळा, मध्ये पांढरी शीर. सर जागा ठरवतात, दगड ठेवतात, चार पावलं मागे येतात, पुन्हा जाऊन तो जरा फिरवतात, मग फोटो काढतात.

सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या हॉलमध्ये त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. त्यातला एक आता खाणीत नोकरीला आहे. त्यानं सगळी भिंत दोनदा पाहिली आणि अदबीनं विचारलं, "सर, अंबाझरीपासून पेंचपर्यंत एकच खडक? तुम्ही तर वर्गात वेगळं शिकवलं होतं."

सर म्हणाले, "तू तेव्हाही नको तिथेच बघायचास."

पुढच्या रविवारी डिकीत दोन दगड होते.

*

पुढे दगड तसं मागे माणूस. माळ किती मोठा आहे ते कळायला दूरवर एक माणूस हवं, तेही लाल कपड्यात. हे काम मावशीकडे असतं. तिच्याकडे लाल ओढणी आहे. माळांवरच्या आमच्या वर्षभराच्या सगळ्या फोटोंत मावशी आहे, ज्वारीच्या दाण्याएवढी.

उमरेडकडच्या एका माळावर सर आणि काका दोघंही तिला हातानं खुणा करत होते, अजून मागे, अजून मागे. मावशी जात राहिली. काकांनी लेन्स बदलली. वर पाहिलं तर माळावर कुणीच नाही. आम्ही घाबरलो. मी मोबाइल लावला.

"मी बसमध्ये बसली," मावशी म्हणाली. "ते दोघं हात करूनच राहिले होते. पुढं रस्ता लागला, बस आली."

सरांच्या त्या फोटोत माळ आहे आणि कडेला एक एसटी आहे. एसटी लाल आहे म्हणून सरांनी फोटो पास केला.

*

शेवटची गोष्ट मागच्या महिन्याची.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सरांच्या घरी टीव्हीवर सगळ्यांचे फोटो बघतात. कुणाचा फोटो कुठला ते सांगायचं नाही, म्हणजे तोंड बघून मत दिलं जात नाही. सरांनी पारदर्शक प्लॅस्टिकवर लाल स्केचपेननं दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा मारल्या आहेत. ते प्लॅस्टिक पडद्यावर धरायचं. क्षितिज रेघेवर आलं तर पास. नंतर चहा येतो, सर प्रत्येक फोटो पुन्हा लावतात, आणि ज्याचा असेल त्यानं हात वर करायचा. मीही पेन ड्राइव्हवर माझे फोटो देते. हात मात्र वर्षभरात एकदाही वर केलेला नाही. सर त्या फोटोंना बेवारस म्हणतात.

त्या दिवशी बाबाही आले होते. त्यांना माना प्रत्यक्ष हलताना बघायच्या होत्या. नवव्या की दहाव्या नंबरला गोरेवाडा तलावाचा फोटो आला. वर धुकं, खाली पाणी, दोन्ही एकाच रंगाची, आणि मधे पलीकडच्या झाडांची बारीक काळी रेघ. बाकी काही नाही.

सरांनी प्लॅस्टिक लावलं. "क्षितिज मधोमध. पुढे काही नाही. नापास."

"अन् शार्पही नाही," काका म्हणाले.

सरांनी रिमोट उचलला, तेवढ्यात बाबा थांबा म्हणाले. ते उठून टीव्हीजवळ गेले. प्लॅस्टिक हळूच बाजूला केलं आणि पडद्यावरून दोन बोटं फिरवली, दुकानात कापडाचं थान उलगडल्यावर फिरवतात तशी.

"मधोमध घडी पडली की मालाचा पोत दिसते, सर," ते म्हणाले. मग वळून तिघांकडे पाहिलं. "माना राहू द्या तुमच्या. हा ज्या कॅमेऱ्यानं काढला, तोच बांधून द्या माझ्या पोरीले. कोणाचा आहे?"

सर म्हणाले, नियम म्हणजे नियम, नाव चहाच्या वेळी. बाबा परत येऊन माझ्या शेजारी बसले. मंगला मावशी खिडकीबाहेर बघत होती. सरांच्या घरच्या काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. सरांनी तोच फोटो पुन्हा लावला आणि सगळ्यांवरून नजर फिरवली.

मी हात वर केला. खांद्यापर्यंत, मग कानापर्यंत, मग पूर्ण.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि कानाजवळ येऊन हळूच म्हणाले, "हात खाली घे वं. चहा सगळ्यांलेच भेटते."