फिल्टर धुतलेलं पाणी

"मिस्त्री, तीन दिस झालं खोलून बसलाव तुम्ही. निघंल का न्हाय पानी ह्यातून?"

सरपंच बाहेरून विचारत होते. मी कमरेपर्यंत फिल्टरच्या पोटात होतो. आत गंज, जुन्या गाळाचा वास आणि माझ्या हातात फुटलेली नळी. तोंडाशी आलेली शिवी गिळून मी पुढची नळी खोलायला घेतली.

दुष्काळाचं वर्ष होतं. मी एका सहकारी साखर कारखान्यात पाणी विभागाचा फिटर. परंडा तालुक्यातल्या या गावाला टँकर तलावाच्या तळाचं पाणी आणायचा आणि पत्र्याच्या एका गोल टाकीत ओतायचा. टाकी जमिनीवरच, छातीएवढी उंच. पाण्याचा रंग चहासारखा. जुलाब-उलटीनं गावात दोघं गेले होते. सरपंच आमच्या कारखान्याचे संचालक. त्यांनी भंगारात पडलेला सँड फिल्टर मागून घेतला आणि चीफ इंजिनियरसाहेबांनी मला त्याच्यासोबत ट्रॉलीत बसवून दिलं. "साथ थांबली पाहिजे. फक्त वाळू भरायचीय," म्हणाले. साहेब लोकांना सगळं 'फक्त'च असतं.

सँड फिल्टर म्हणजे लोखंडाचं मोठं पिंप. तळाला भोकं पाडलेल्या नळ्या, त्यांना लॅटरल म्हणतात. त्यांच्यावर गोटे, मग बारीक खडी, मग वाळू. पंपानं वरून पाणी दाबायचं. गाळ वाळूत अडकतो आणि खालच्या नळ्यांतून नितळ पाणी निघतं. एक लॅटरल फुटली तरी वाळू थेट घागरीत येते. माझ्या आठपैकी तीन फुटल्या होत्या. परंड्याहून पाइप आणला, बसून हातानं भोकं पाडली. नदीची वाळू दोन चाळण्यांतून काढली.

चौथ्या दिवशी नळाला काचेसारखं पाणी आलं. पुढच्या छोट्या टाकीत ब्लिचिंग पावडर टाकायची सोय केली, कारण वाळूनं गाळ जातो, रोग जात नाही. सरपंचांनी पेला उजेडात धरला आणि घटाघटा प्यायले. मला फार बरं वाटलं. कारखान्यात माझ्या कामाकडं कधी कोणी असं बघितलं नव्हतं.

भांडण झालं ते पुढं. वाळूत गाळ साचला की फिल्टर तुंबतो. म्हणून रोज दहा मिनिटं पाणी उलटं, खालून वर सोडून तो धुवावा लागतो. साचलेली सगळी घाण वॉशआऊटच्या पाइपातून बाहेर पडते. त्याला बॅकवॉश म्हणतात.

"म्हंजे पानी फेकून द्यायचं?" सरपंच ओरडलेच. "बाया एका घागरीसाठी डोकी फोडायल्या अन् तुम्ही ओढ्यात सोडता?"

"धुतला नाही तर आठ दिवसांत बंद पडेल."

अर्धा तास हुज्जत घालून मी ती दहा मिनिटं मिळवली. पाइप उताराकडं, कोरड्या ओढ्याच्या दिशेनं टाकला. कारखान्यानं दिलेला पाइप वीस फूट कमी पडला. तो बौद्ध वस्तीच्या कडेलाच संपला. मी तिथं खड्डा खणून दिला आणि म्हटलं, मुरेल मातीत. त्या वर्षी पाण्याचा थेंब मातीत मुरू देईल असं माणूस जिल्ह्यात शोधून सापडलं नसतं. एवढी साधी गोष्ट मला कळली नाही.

खड्डा खणताना शेजारच्या घरातल्या कौसाबाई आल्या. पन्नाशीच्या, रोजगार हमीवर खडी फोडायला जाणाऱ्या. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती.

"हे पानी त्या मशिनीतनंच येनार न्हवं, मिस्त्री?"

"हो, मशिनीतूनच," मी म्हणालो. घाईत होतो. ट्रॉली परत निघाली होती.

पंधरा दिवसांनी मला परत बोलावलं. साथ पुन्हा सुरू झाली होती, पण फक्त वस्तीत. आरोग्य केंद्राचे डॉक्टर चिडले होते. "तुमचं पाणी तपासा," म्हणाले. मी फिल्टर उघडला. वाळू ठीक, लॅटरल ठीक, पाणी नितळ. मग बॅकवॉश सुरू करून पाइपाच्या टोकाशी चालत गेलो.

खड्ड्याभोवती बाया घागरी घेऊन बसल्या होत्या. न भांडता, ओळीनं. नळावर वस्तीचा नंबर सगळ्यांत शेवटी लागायचा आणि तोवर टाकी संपायची. इथं रोज ठरल्या वेळेला पाणी यायचं आणि कोणी हाकलायचं नाही. अख्ख्या गावाच्या पाण्यातून काढलेली घाण मी नेमानं त्यांच्या दारात नेऊन सोडत होतो.

कौसाबाईंची लेक आदल्याच दिवशी गेली होती. पोटातल्या बाळासकट.

मी धावत सरपंचांकडं गेलो. वीस फूट पाइप द्या आणि वस्तीत एक नळ द्या, म्हणून हात जोडले.

"नळाचं मीटिंगमधी बघू," ते म्हणाले. "तोवर ते धुनंच बंद करा. पानी बी वाचंल."

बॅकवॉश बंद झाला. आठवड्याभरात फिल्टर तुंबला. टाकीतलं पाणी पुन्हा न गाळताच लोकांना वाटलं जाऊ लागलं, आणि साथ गावात शिरली. नळाची मीटिंग झाली की नाही, ठाऊक नाही. फिल्टर ट्रॉलीत घालून परत भंगारात आणून टाकला.

तो न्यायला गेलो तेव्हा कौसाबाई दारात बसल्या होत्या. मला बघून उठल्या.

"दुहेरी फडक्यानं गाळून घेत हुतो हो आमी, मिस्त्री. लेकीला तर उकळून बी द्यायचं हुतं, पर सरपन पुरंना. आमचं चुकलंच का ओ?"

"तुमचं काही चुकलं नाही," एवढंच मी म्हणालो.

नंतर निवृत्त होईपर्यंत पुष्कळ फिल्टर बसवले. वाळू, गोटे, लॅटरल कोणालाही शिकता येतात. पण घाण कुठं जाणार हे आधी बघावं आणि तिथं राहणाऱ्याला तोंडानं सांगावं. हाताखालच्या प्रत्येक हेल्परला मी हे बजावून सांगितलं. ते पाणी कसलं होतं, हे कौसाबाईंना मात्र मी सांगितलं नाही.